वैर कोठे संपते?

चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या आवाराला लागून एक लहानशी शिळा आहे. बंदराच्या दिशेने धावणाऱ्या गर्दीला तिच्याकडे पाहण्यास सवड नसते, आणि ह्या शहरात पुष्कळ वर्षे काढूनही आमचे तिच्याकडे लक्ष गेले ते फार उशिरा. १९१४ सालच्या २२ सप्टेंबरच्या रात्री 'एम्डेन' नावाच्या जर्मन युद्धनौकेने तेव्हाच्या मद्रासवर तोफा डागल्या आणि एक गोळा येथे येऊन पडला, एवढेच ती शिळा सांगते. शिळेने जे सांगितले नाही ते मात्र बोलीभाषेने जपून ठेवले आहे. जुन्या तमिळ माणसांच्या बोलण्यात 'एम्डन' असा एक शब्द येतो. अतिशय चलाख, हातावर तुरी देऊन निसटणारा, असा त्याचा अर्थ. आमच्या शेजारच्या पाटी, म्हणजे आजीबाई, आपल्या व्रात्य नातवास ह्याच नावाने हाक मारीत. त्या हाकेत राग थोडा आणि कौतुक फार असे. ज्या नौकेने आपल्या गावावर गोळे टाकले तिचे नाव लाडक्या नातवास द्यावे, ही गोष्ट आम्हांस प्रथम चमत्कारिक वाटली. पुढे त्या नौकेची हकीकत वाचली तेव्हा ह्या कौतुकाचे मर्म थोडेसे उमगले. परंतु त्याबरोबरच एक प्रश्नही मनात रुतून बसला, तो आज वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

'एम्डेन'चा कप्तान कार्ल फोन म्युलर हा एकट्या नौकेनिशी बंगालच्या उपसागरात शिरला होता. व्यापारी जहाजे गाठावी, पकडावी आणि बुडवावी, हे त्याचे काम. ते त्याने इतक्या सफाईने केले की काही आठवडे ह्या समुद्रावरील व्यापार भीतीने ठप्प झाला. परंतु जहाज बुडविण्यापूर्वी त्यावरील एकूण एक मनुष्य तो उतरवून घेई. पकडलेल्यांपैकी एखादे जहाज मुद्दाम राखून ठेवी, त्यावर ह्या सगळ्या बंद्यांस चढवी आणि ते जहाज बंदराकडे सोडून देई. मद्रासेत त्याने तोफा रोखल्या त्या तेलाच्या टाक्यांवर. पेनांगच्या बंदरात २८ ऑक्टोबरला त्याने एक रशियन क्रूझर आणि तिच्यापाठोपाठ 'मुस्के' ही फ्रेंच विनाशिका बुडविली. त्या फ्रेंच नौकेवरील छत्तीस माणसे पाण्यातून उचलून घेण्यासाठी तो शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी थांबला. त्याच्या शत्रूंनीही त्याची वाखाणणी केली. तरीसुद्धा मद्रासेत त्या रात्री किमान पाच माणसे मेली, हे विसरून चालणार नाही. गोळा सुटल्यावर तो टाकी कोणती आणि माणूस कोण हे ओळखीत नाही.

आता त्याच दिवसाची सकाळ पाहू. मद्रासेत रात्र पडण्यास अजून अवकाश होता. हॉलंडच्या किनाऱ्याजवळ उत्तर समुद्रात 'अबूकीर', 'होग' आणि 'क्रेसी' ह्या तीन जुन्या ब्रिटिश क्रूझर गस्त घालीत होत्या. त्यांवर निवृत्तीनंतर पुन्हा बोलावून घेतलेले संसारी खलाशी होते, आणि डार्टमथच्या नाविक शाळेतून थेट युद्धावर धाडलेली कोवळी मुलेही होती. सकाळी सव्वासहाच्या सुमारास 'अबूकीर' हादरली. आपण पाणसुरुंगावर आदळलो अशी तिच्या कप्तानाची समजूत झाली आणि त्याने उरलेल्या दोघींस मदतीसाठी जवळ येण्याची खूण केली. 'होग' आली. तिने होड्या सोडल्या, आणि तरंगेल अशी जी वस्तू हाताशी लागली ती पोहणाऱ्यांकडे फेकली. तो पाणसुरुंग नव्हता. ऑटो वेडिगन ह्या जर्मन कप्तानाची 'यू-९' ही पाणबुडी तेथे दबा धरून होती. तिचे दोन टॉर्पेडो 'होग'ला लागले. राहिली 'क्रेसी'. तिच्यावरील लोकांना एव्हाना पाणबुडीची शंका नव्हे, खात्रीच झाली होती. तरीही पाण्यातील शेकडो माणसे सोडून जाणे तिच्या कप्तानास साधले नाही. तीही बुडाली. सुमारे दीड तासात तीन क्रूझर आणि १,४५९ माणसे गेली. आणि हे सर्व तीसहून कमी माणसे वाहून नेणाऱ्या एका लहानशा पाणबुडीने केले. ह्यानंतर ब्रिटिश नौदलाने आपल्या मोठ्या नौकांस बजावून टाकले की, सोबतीण बुडाली तरी तिच्यासाठी थांबू नये.

एकाच दिवशी दोन समुद्रांवर घडलेल्या ह्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या की मन गोंधळते. एकीकडे दया करणारा कप्तान कीर्ती मिळवितो, इतकी की ज्यांच्यावर त्याने गोळे टाकले त्यांच्याच भाषेत त्याचे नाव कौतुकाने उरते. दुसरीकडे दया करणारे दोन कप्तान आपल्या नौका गमावतात, आणि ज्यांना वाचवावयास गेले त्यांच्याहून अधिक माणसांचा बळी देतात. मग समुद्रावरील दया ही नीती आहे, की ज्याला परवडते त्याचे ते भूषण आहे? पाण्यात गटांगळ्या खाणारा मनुष्य, मग तो आपला असो की शत्रूचा, आपल्यावर काही हक्क सांगू शकतो काय? आणि शत्रूचा असेल, तर त्याचे शत्रुत्व नेमके कोणत्या क्षणी संपते?

आमच्या परंपरेत ह्या प्रश्नाचे एक उत्तर रामाच्या तोंडी आहे. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करण्यास बिभीषण कचरू लागला, तेव्हा वैर मरणापाशी संपते असे रामाने त्यास समजाविले. हे उत्तर थोर आहे. परंतु ते मेलेल्या शत्रूविषयी आहे. समुद्राचा प्रश्न त्याहून एक पाऊल अलीकडचा आहे. मनुष्य अजून मेलेला नाही. त्याची नौका गेली, तोफ गेली, झेंडा गेला; तो तेलाने माखून, थंडीने काकडत, एका फळीला धरून आहे. मरण यावयाच्या आधीच वैर संपविता येईल काय, असे समुद्र विचारतो. भारतीय युद्धाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी जे नियम ठरविले त्यांत ह्याचे उत्तर सापडते: शस्त्र गळालेल्यावर, शरण आलेल्यावर, पाठ फिरविलेल्यावर प्रहार करू नये. पण तेही 'प्रहार करू नये' एवढ्यावरच थांबते. समुद्रावर प्रहार न करणे पुरेसे होत नाही. जमिनीवर ज्याने तलवार टाकली तो निदान जमिनीवर उभा असतो. त्याला न मारले म्हणजे तो जगतो. पाण्यात पडलेल्यास न मारले तरी तो मरतो. तेथे नुसते स्वस्थ बसणे म्हणजे मरू देणे होय. भूमीवरील युद्धनीती निषेधाची आहे. समुद्र मात्र प्रत्यक्ष कृतीचा आग्रह धरतो. सागरी युद्धाचे नैतिक वेगळेपण आमच्या मते येथे आहे.

ह्याचे कारणही उघड आहे. युद्धातील दोन पक्षांच्या पलीकडे समुद्र हा तिसरा पक्ष नेहमीच हजर असतो, आणि तो दोघांचाही वैरी आहे. कोणत्याही देशाचा खलाशी शांततेच्या दिवसांत वादळात सापडलेल्या परक्या जहाजासाठी आपला मार्ग बदलतो, तो उदारपणाने नव्हे. उद्या आपल्यावर हीच पाळी येईल हे त्याला ठाऊक असते. तोफांहून ही रीत जुनी आहे. म्हणून युद्ध आले तरी ती समूळ नाहीशी होत नाही. ती दबून राहते आणि नौका बुडताच वर येते.

परंतु ह्या विवेचनास दोन आक्षेप आहेत, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप कप्तानाच्या कर्तव्याचा. तो स्वतःच्या प्राणाचा मालक असेल. परंतु त्याच्या नौकेवरील शेकडो प्राणांचा तो विश्वस्त आहे. दुसऱ्याच्या ठेवीतून दानधर्म करण्याचा अधिकार विश्वस्तास नसतो. १९४१ सालच्या २७ मे रोजी 'बिस्मार्क' ही प्रचंड जर्मन युद्धनौका अटलांटिकात बुडाली. तिच्यावर २,२०० हून अधिक माणसे होती. शेकडो माणसे पाण्यात तरंगत असता 'डॉर्सेटशायर' आणि 'माओरी' ह्या ब्रिटिश नौका त्यांस वर घेऊ लागल्या. बाजूंनी दोर सोडले होते, आणि गारठलेल्या हातांनी ते धरून माणसे वर चढू पाहत होती. इतक्यात आसपास पाणबुडी असल्याचा संशय आला. 'डॉर्सेटशायर'च्या कप्तानाने नौका पुढे काढली. तोवर दोघींनी मिळून सुमारे ११० माणसे वाचविली होती. बाकीची, दोराला लोंबकळणारी सुद्धा, मागे राहिली. हा कप्तान निर्दय होता काय? तसे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. त्याच्यापुढे 'होग' आणि 'क्रेसी' यांचे उदाहरण होते. पाणबुडी तेथे खरोखर होती की नव्हती, हे ठरविण्यास त्याला वेळ नव्हता.

कोणी म्हणेल की ह्याचे फळ पुढे मिळाले, कारण तीच 'डॉर्सेटशायर' १९४२ सालच्या ५ एप्रिलला सिंहलद्वीपाच्या नैर्ऋत्येस जपानी विमानांनी बुडविली आणि तिच्यावरील माणसे दुसऱ्या दिवशी सुटका होईपर्यंत हिंदी महासागरात तरंगत राहिली. अशा जुळणीत आम्हांस गोडी वाटत नाही. तेव्हा तिचा कप्तान दुसरा होता. शिवाय, समुद्र हिशेब ठेवीत नाही. हिशेब ठेवावा लागतो तो मनुष्यास.

दुसरा आक्षेप ढोंगाचा. आत्ता टॉर्पेडो मारावयाचा आणि घटकेने दोर टाकावयाचा, ही दया की आत्मवंचना? टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती' ह्या कादंबरीतील राजपुत्र आंद्रे हा बोरोदिनोच्या लढाईच्या आदल्या दिवशी असाच युक्तिवाद करतो. युद्धात सभ्यपणा आणू नका, कैदी घेऊ नका; युद्ध जितके भयंकर आहे तितके दिसू द्या, म्हणजे क्षुल्लक कारणासाठी कोणी ते करणार नाही, असा त्याचा आशय. ह्या युक्तिवादाचे सामर्थ्य आम्ही जाणतो. 'एम्डेन'च्या शौर्यकथा वाचून ज्या मुलांना युद्ध ही एक खेळीमेळीची साहसयात्रा वाटली असेल, त्यांची फसवणूक त्या कथांतील दयेनेच केली. परंतु ह्या युक्तिवादाची परीक्षा इतिहासाने घेतली आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून जर्मन पाणबुड्यांनी इशाऱ्यावाचून जहाजे बुडविण्याचा सरसकट परवाना घेतला. दुसऱ्या महायुद्धात हळूहळू सर्वांनीच घेतला. सभ्यपणा गेला, युद्ध मात्र त्यामुळे आखूड झाले नाही की विरळ झाले नाही. निर्दयतेने युद्धाची लाज वाटू लागेल ही अपेक्षा खोटी ठरली, कारण निर्दयतेची मनुष्यास फार लवकर सवय होते.

आता ज्या घटनेत हे दोन्ही आक्षेप आणि त्यांचे उत्तर एकत्र आले आहे तिच्याकडे वळू. १९४२ सालच्या १२ सप्टेंबरची संध्याकाळ. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर, अटलांटिकात, 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज उत्तरेकडे चालले होते. हे एकेकाळचे प्रवासी जहाज आता सैन्याची वाहतूक करी आणि त्यावर तोफा होत्या. 'यू-१५६' ह्या जर्मन पाणबुडीने ते बुडविले. पाणबुडीचा कप्तान व्हेर्नर हार्टेनश्टाइन पृष्ठभागावर आला तेव्हा त्याला अंधारातून इटालियन भाषेतील आक्रोश ऐकू आले. जहाजावर २,७०० हून अधिक माणसे होती, आणि त्यांतील सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी होते, म्हणजे जर्मनीच्याच मित्रराष्ट्राचे सैनिक. बाकी ब्रिटिश सैनिक, खलाशी, पोलिश पहारेकरी, आणि काही स्त्रिया व मुले.

हार्टेनश्टाइनने माणसे वर घेण्यास आरंभ केला. आरंभ इटालियनांसाठी झाला असेल. परंतु पाण्यातून वर येणाऱ्या हाताचे राष्ट्र त्याने विचारले नाही. अरुंद पाणबुडीच्या आत आणि पाठीवर त्याने जवळजवळ दोनशे माणसे घेतली, आणि आणखी शेकडो माणसांच्या होड्या भोवती गोळा केल्या. आपल्या वरिष्ठांस, म्हणजे अ‍ॅडमिरल ड्योनिट्स यांस, त्याने कळविले. त्यांनी त्या वेळी त्यास अडविले नाही, उलट आणखी पाणबुड्या मदतीस धाडल्या. मग १३ तारखेस त्याने जे केले ते युद्धाच्या इतिहासात विरळा आहे. त्याने उघड इंग्रजीत, सांकेतिक लिपीवाचून, आपली जागा सांगणारा संदेश बिनतारी यंत्राने प्रसृत केला: कोणतेही जहाज मदतीस आले आणि माझ्यावर हल्ला झाला नाही, तर मीही हल्ला करणार नाही. लपणे हेच ज्या नौकेचे एकमेव चिलखत, तिने शत्रूला आपला पत्ता सांगितला.

१६ तारखेस असेन्शन बेटावरील तळावरून एक अमेरिकन विमान तेथे आले. पाणबुडीने चार होड्या दोराने ओढीत आणल्या होत्या आणि पाठीवर रेड क्रॉसचे मोठे निशाण पसरले होते. वैमानिकाने तळाकडे विचारणा केली. पाणबुडी बुडवावी अशी आज्ञा आली. बॉम्ब पडले, त्यांतील एक होड्यांमध्ये पडला. हार्टेनश्टाइनने होड्यांचे दोर सोडले, पाठीवरील माणसांस पाण्यात उतरावयास सांगितले आणि तो पाण्याखाली गेला. पुढे दुसऱ्या दोन जर्मन व एका इटालियन पाणबुडीने आणि फ्रेंच नौकांनी मिळून पुष्कळांस वाचविले. एकूण सुमारे १,१०० माणसे वाचली. १,६०० हून अधिक गेली. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, ड्योनिट्स यांनी हुकूम काढला: बुडालेल्या जहाजावरील माणसे वाचविण्याचा कोणताही प्रयत्न करू नये, त्यांस उचलू नये, होड्या सरळ करून देऊ नये, अन्नपाणी देऊ नये.

ह्या प्रकरणात निर्मळ कोणीच नाही. 'लॅकोनिया' इशाऱ्यावाचून बुडविणारा हार्टेनश्टाइनच होता, आणि तो ज्या राज्याची सेवा करीत होता त्याच्या कृष्णकृत्यांस तोड नाही. युद्धनौकेस रेड क्रॉसच्या निशाणाचे संरक्षण कायद्याने मिळत नाही, असे तळावरील अधिकाऱ्यास म्हणता आले असते. ही पाणबुडी आज सोडली तर उद्या आपलीच जहाजे बुडवील, हाही हिशेब खोटा नव्हता. तथापि त्या चार दिवसांत जे घडले ते ह्या सर्व हिशेबांच्या बाहेरचे आहे. ज्याने शेकडो माणसे पाण्यात टाकली त्यालाच त्यांची हाक ऐकू आली. त्याच्या दयेने त्याचे आधीचे कृत्य धुऊन निघत नाही. परंतु आधीच्या कृत्याने त्याची दयाही खोटी ठरत नाही. ढोंगाच्या आक्षेपास हेच उत्तर आहे. बुडविणारा आणि वाचविणारा हे एकाच मनुष्याचे दोन मुखवटे नव्हेत. बुडविल्यामुळेच वाचविण्याचे ऋण त्याच्या माथी आले होते, आणि ते त्याने ओळखले.

न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढे १९४६ साली हे सर्व पुन्हा निघाले. ड्योनिट्स यांच्या त्या हुकुमातील संदिग्धतेवर न्यायासनाने ठपका ठेवला. परंतु पाणबुडीयुद्धाचे नियम मोडल्याबद्दल म्हणून त्यांच्या शिक्षेत भर घातली नाही. कारण ब्रिटनने १९४० साली स्कागेराकमध्ये दिसेल ते जहाज बुडविण्याचा हुकूम दिला होता, आणि अमेरिकन अ‍ॅडमिरल निमिट्झ यांनी लेखी सांगितले होते की, पॅसिफिकमध्ये अमेरिकेनेही पहिल्या दिवसापासून निर्बंधरहित पाणबुडीयुद्ध चालविले, आणि स्वतःच्या नौकेस विनाकारण धोका होईल तेथे शत्रूची माणसे सामान्यतः वाचविली नाहीत. ड्योनिट्स यांस दहा वर्षांची शिक्षा झाली ती इतर आरोपांवर.

हा निकाल वाचताना आम्हांस कर्णाच्या रथाचे रुतलेले चाक आठवते. चाक वर काढीपर्यंत थांब, हा धर्म आहे, असे कर्ण अर्जुनास म्हणतो. आणि द्रौपदीची विटंबना झाली, अभिमन्यूस अनेकांनी घेरून मारले, तेव्हा हा तुझा धर्म कोठे गेला होता, असे श्रीकृष्ण त्यास विचारतो. प्रश्न बिनतोड आहे. कर्णापाशी त्याचे उत्तर नाही. पण म्हणून कर्णाचा वध सुंदर झाला असे व्यासांनी म्हटले नाही, आणि कोणा वाचकासही तसे कधी वाटले नाही. 'तुम्ही केले म्हणून आम्ही केले' हा युक्तिवाद वादात जिंकतो आणि मनात हरतो. न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी एकास जे माफ केले ते वस्तुतः सर्वांच्याच नावे नोंदले गेले. दोन्ही पक्षांचे पाप सारखे निघाले, म्हणजे त्याची वजाबाकी होऊन शून्य उरत नाही.

मग 'डॉर्सेटशायर'चा कप्तान आणि ड्योनिट्स यांचा हुकूम ह्यांत भेद कोणता? दोहोंचा परिणाम पाण्यातील माणसासाठी एकच. असे असूनही आमच्या मते भेद आहे आणि तो मूलभूत आहे. कप्तानाने दोर टाकला होता. त्याला वाचवावयाचे होते, वाचविता आले नाही. त्याने दोन कर्तव्ये समोरासमोर पाहिली आणि एक निवडले; न निवडलेले कर्तव्य त्याच्यापुरते नाहीसे झाले नाही, ते फेडावयाचे राहून गेले. हुकुमाने मात्र ते कर्तव्यच खोडून टाकले. 'जमत नसेल तर सोड' असे तो सांगत नाही. 'जमत असेल तरी करू नकोस' असे सांगतो. मनुष्याच्या हातून दया घडत नाही हे दुःख आहे. त्याला दयेचा विचार करण्याचीही मोकळीक उरू नये, हे अधःपतन आहे. कप्तानाने काय ठरविले ह्याविषयी आपले मतभेद होऊ शकतील. परंतु ठरविण्याचे ते क्षणभराचे ओझे त्याच्या खांद्यावरून काढून घेणे, ह्यात त्याच्यावर उपकार नसून त्याच्या मनुष्यत्वाचा संकोच आहे.

आंतरराष्ट्रीय करारांची भाषा रूक्ष असते. पण ह्या बाबतीत तिने एक पाऊल टाकलेले दिसते. १९०७ सालच्या हेग येथील कराराने म्हटले होते की, चकमकीनंतर उभय पक्षांनी, लष्करी हितास जेथवर बाधा येणार नाही तेथवर, बुडालेल्यांचा शोध घ्यावा. १९४९ सालच्या जिनीव्हा येथील दुसऱ्या कराराने लष्करी हिताची ती अट गाळली आणि शक्य ते सर्व उपाय विलंब न लावता योजावे असे लिहिले. वरवर पाहता फरक शब्दांचा. पण पहिल्या वाक्यात माणसाचा प्राण लष्करी हिताच्या मागे रांगेत उभा आहे. दुसऱ्यात तो पुढे आला आहे, आणि 'अशक्य होते' हे सिद्ध करण्याचा भार सोडून जाणाऱ्यावर पडला आहे. ऋण मान्य झाले. ते फेडणे प्रत्येक वेळी साधेलच असे नाही.

ते नेहमी साधत नाही ह्याचा दाखला आमच्याच समुद्रात आहे. १९७१ सालच्या ९ डिसेंबरला दीवच्या किनाऱ्यापासून दूर 'खुकरी' आणि 'कृपाण' ह्या भारतीय युद्धनौका पाणबुडीच्या शोधात होत्या. 'हंगोर' ह्या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने 'खुकरी' काही मिनिटांत बुडाली. तिच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला आपल्या माणसांस नौका सोडण्यास सांगत स्वतः मात्र नौकेवरच राहिले; त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. त्यांचे नाव आम्हां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या रात्री 'कृपाण'वर जे उभे होते त्यांचा विचार आम्ही क्वचित करतो. पाणबुडी जवळच होती. पाण्यात आपलीच माणसे होती, ओळखीची, नावाने हाक मारण्यासारखी. 'क्रेसी'पुढे जो प्रश्न १९१४ साली उभा राहिला तोच, तसाच, त्यांच्यापुढे उभा राहिला. 'कृपाण' दूर गेली. वाचलेल्यांस दुसऱ्या दिवशी पाण्यातून उचलण्यात आले. हे योग्य झाले की अयोग्य, ह्यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. घरात दिव्याखाली बसून त्याचा निवाडा देण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही. एवढेच म्हणतो की, ज्याला त्या रात्री आपल्या माणसांपासून दूर जावे लागले, त्याला शत्रूच्या बुडत्या माणसाचा अर्थ आमच्याहून अधिक कळला असेल.

आमच्या बोलीत बुडत्याला काडीचा आधार असे आपण म्हणतो, आणि त्या म्हणीत बुडत्याच्या असहायतेकडे पाहून थोडेसे हसतोही. काडी कोणाच्या हातची, हे ती म्हण विचारीत नाही, कारण बुडणाराही ते विचारीत नाही. विचारतो तो काठावरचा. आणि आता काठावरचा फार दूर गेला आहे. शेकडो मैलांवरून सुटणाऱ्या अस्त्राने नौका बुडते तेव्हा ती बुडविणाऱ्यास पाण्यातील डोके दिसत नाही, हाक ऐकू येत नाही. हार्टेनश्टाइनला ऐकू आली म्हणून तो थांबला. ज्याला ऐकूच येणार नाही त्याचे ऋण कोणी आठवून द्यावयाचे, हा प्रश्न पुढील पिढ्यांस आमच्याहून अधिक छळील.

म्युलर नंतर फार दिवस मोकळा राहिला नाही. १९१४ सालच्या ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ 'सिडनी' ह्या ऑस्ट्रेलियन क्रूझरने 'एम्डेन'ला गाठले, आणि नौका बुडून माणसे जाऊ नयेत म्हणून त्याने ती मोडकी नौका प्रवाळाच्या खडकावर चढविली. वेडिगन १९१५ साली आपल्या सर्व माणसांसह उत्तर समुद्रात बुडाला. हार्टेनश्टाइनची पाणबुडी १९४३ सालच्या मार्चमध्ये बार्बाडोसच्या पूर्वेस बुडविली गेली. तिच्यावरील कोणीही परत आले नाही.

शेजारच्या पाटी आता नाहीत, आणि त्यांचा 'एम्डन' परदेशी मोठ्या हुद्द्यावर आहे. भाषेने त्या नौकेचे चापल्य लक्षात ठेवले आणि मद्रासेत मेलेल्या पाचांची नावे सोडून दिली. भाषेस आम्ही दोष देत नाही. कौतुक करणे हा तिचा स्वभाव आहे. परंतु त्या शिळेजवळून जाताना आम्ही हल्ली थोडे थांबतो. त्या दिवशी येथे पडलेला गोळा आणि तिकडे उत्तर समुद्रात पोहणाऱ्यांकडे फेकलेल्या फळ्या, ही दोन्ही एकाच दिवसाची कृत्ये आहेत, आणि दोन्ही माणसांच्याच हातची.